दुपारी दोन ते पाच

लोकेश, इथे आता दीड वाजला.
कूलरचा वाळा तुझ्या बाबांनी सकाळीच बदलला,
पंप मात्र जुनाच. खोकतो, थुंकतो, मग चालतो.
तांडापेठेत कुत्रीसुद्धा नालीच्या काठाची सावली धरून निजली.
हेडाऊच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं,
म्हणजे मिठाची पुडी अजून मिळेल,
पण बोलणी खाऊन.

तू म्हणतोस, तिकडेही असंच.
दोन ते पाच गाव बंद.
औषधवाला बंद, न्हावी बंद,
चर्चच्या पायरीवर एक मांजर तेवढी जागी.
मैनाबाईला सांगितलं तं म्हणे,
"मंग एवढं विमानाचं भाडं भरून गेला काहून?
झोपाच काढायच्या होत्या तं इथे काय खाट नव्हती?"

मी तुला विचारलं होतं, समुद्राचा वास कसा असतो.
तू पुष्कळ विचार करून म्हणालास,
बुधवारी बाजारात मासोळीच्या ओळीत
बर्फाखालचं ओलं पोतं असतं नं, तसा.
तेव्हापासून त्या ओळीतून जाताना
मी नाकाला पदर लावत नाही.

बोटांवर हिशेब केला मी.
तुझे दोन वाजतात तेव्हा माझे साडेपाच.
मी उठलेली असते, तोंडावर पाणी मारून
चुलीवर माठ उलटा घातलेला असतो,
वीस लंबी रोट्यांची ऑर्डर असते कोणाच्या बारशाची,
कोपरापर्यंत लोंबणारी कणीक
हातावर झुलवत झुलवत मी तुझ्या निजण्याची वेळ मोजते.
म्हणजे दुपार एकच आहे आपली.
आधी मी अंगावर घेते, चुरगळते, घामाने भिजवते,
मग ती सरकत सरकत तुझ्या खोलीत येते
न धुतलेल्या चादरीसारखी.

संध्याकाळी तिथल्या म्हाताऱ्या खुर्च्या काढून
गल्लीत बसतात म्हणालास, रस्त्याकडे पाठ करून.
पाठ करून काहून बापा?
इथे तं तोंड रस्त्याकडे असल्याशिवाय
कोणाची सून कुठे गेली ते कळत नाही.

आणि ते गेल्या वर्षीचं, शिमग्याच्या आधीचं.
कागदाची एवढी मोठी मासोळी,
तिच्यामागे काळे कपडे घालून गाव खोटं खोटं रडतं,
मग वाळूवर नेऊन जाळतात.
तू हसत होतास फोनवर. म्हणालास, आई, अगदी आपली मारबत,
फक्त आपण रडत नाही, शिव्या देतो.
भादव्यात माझ्यासाठी पण एक ओरडशील?

गेले मी. गुडघा दुखत होता तरी गेले.
काळी पुढे, पिवळी मागे, मध्ये बडगे,
पोरांच्या अंगभर गुलाल.
"इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!"
कोणी खोकला देत होतं, कोणी महागाई,
एक जण आपल्या साहेबाचं नाव घेऊन देत होता.
माझी पाळी आली असं मलाच वाटलं,
आणि काय द्यावं ते सुचेना.
समुद्र म्हणावं, तं त्याच्यावरच तुझं पोट.
नोकरी म्हणावं, तं जीभ झडेल.
शेवटी ओरडले,
"साडेतीन तास घेऊन जाय गे मारबत!"
बाजूची पोरगी बघतच राहिली माझ्याकडे.

ऑक्टोबर संपता संपता तुझा फोन आला.
इथे घड्याळं मागे केली आई,
आता साडेचार.
मी म्हटलं, ऐकते रे मारबत,
पण एवढ्या ढोलताशात उलटं ऐकू गेलं असेल.

पूर्ण थंडी मी तो जास्तीचा तास सांभाळला.
मार्चच्या शेवटी परत गेला म्हणालास,
माझ्या हाती मात्र काही लागलं नाही.
त्या दिवशी ओट्यावर बसून
मैनाबाईसोबत सांभार निवडत राहिले,
लक्षात आलं तं काड्याच उरल्या होत्या सुपात.

दोन वाजले बघ.
हेडाऊनं शटर पूर्ण ओढलं, आवाज आला.
मी आडवी होते आता.
तुझ्यासाठी अर्धी ठेवते.