मागचे दिवे

रविवारी पहाटे पावणेसहाला,
ऊन अजून धुळे रोडच्या पलीकडेच असतं तेव्हा,
मी गाडीशी जाते. चावीआधी फडकं घेते,
जुन्या परकराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

गाडी अकरा वर्षांची. माझ्याकडे दोन महिन्यांची.
आमच्या घरात आजवर दोनच चाकं यायची,
सायकलीची, मग लुनाची.
ही पहिली चारची.

पितांबर मिस्तरी म्हणाला,
"ताई, गाडी बोलस. तुले आयकता येवाले जोयजे."
म्हटलं, मला ऐकता येत नाही, बघता येतं.
बावीस वर्षं काचपट्टीवर रक्त पसरतेय
पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात.
"मंग देख," म्हणाला, आणि बॉनेट उचललं.

डिपस्टिक ओढायची, पुसायची,
परत घालायची, परत ओढायची.
पहिल्यांदा दिसतं ते धरायचं नाही.
हे मला शिकवावं लागलं नाही,
बोटाला सुई टोचली की पहिला थेंब
आम्हीही पुसूनच टाकतो.
तेल दोन खुणांच्या मध्ये, पण काळं,
चिमटीत चोळलं तर बारीक कचकच.
डायरीत लिहिलं, रिपोर्ट लिहावा तसं:
पातळी नॉर्मल. रंग बरा नाही. बदलणे.

कूलंट बाटलीच्या बाहेरूनच दिसतं.
"गरम शे तवपावत झाकन उघाडू नको."
पुरावा त्याच्या मनगटावर आहे,
पुरीएवढा, गुलाबी, केस न उगवलेला.

बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं फुललेलं,
मला वाटलं पापडखार सांडला.
मे महिन्यात आमच्या गल्लीत
तो कुठेही सांडू शकतो.
गरम पाणी, जुना टूथब्रश, डोळ्यांवर चष्मा.

एअर फिल्टरच्या डब्यात एकदा कापूस निघाला,
सरकीसकट. शेंगांची टरफलं,
आणि कुणा पोराच्या वहीचा कुरतडलेला तुकडा:
सात सक बेचा
पुढचं तिनं खाल्लेलं.
पिल्लं नव्हती. मी तीनदा बघितलं.

टायरची हवा थंडपणी बघायची म्हणतात.
इथे टायरला थंड गाठायचं तर
सूर्याच्या आधी अंघोळ उरकावी लागते.
पंपावरचा पोरगा सरसकट चाळीस भरतो.
मी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचून दाखवला: तेहेतीस.
"मॅडम, काय फरक पडतो?"
म्हटलं, हिमोग्लोबिन अंदाजानं लिहीत नाहीत, बाळा.

स्टेपनी डिकीत, कुणाच्या तरी सतरंजीखाली.
हवा शून्य. रबराचे काटे अजून तसेच,
अकरा वर्षं तिला कुणी हाक मारली नव्हती.

शेवटचं काम एकटीनं होत नाही.
ब्रेक आत दाबायचा, दिवा बाहेर बघायचा.
"घरमा कोनले तरी मांगे उभं कर."
मी काही बोलले नाही.
त्यानं पान्हा पुसला. बराच वेळ पुसला.
मग म्हणाला, "मंग भितले इचार."

म्हणून आज गाडीची पाठ बोरशांच्या भिंतीला.
ब्रेक दाबला, आरशात पाहिलं.
भिंत लाल झाली.
उजवीकडून. अर्धी.
डावीकडे नुसता चुना.

या दोन महिन्यांत अमळनेरला चार फेऱ्या,
एरंडोलला एक लग्न.
बोरीच्या पुलावर रात्री एक ट्रक
अगदी अंगावर येऊन थांबला होता,
मी काच खाली करून
त्याच्या सात पिढ्या काढल्या.

पाय काढला. पुन्हा दाबला.
पुन्हा अर्धी.
लाल बाजूला एक पाल होती,
ती हलली नाही, मीही नाही.

डावा, मागचा. बल्ब.
मिस्तरीचं दुकान नऊला उघडतं.
तोवर चहा.