गाडीचा अंगठा

अमरावतीहून चार टायर नवे आणले,
जुन्यांपेक्षा दोन बोटं रुंद.
दुकानदार म्हणाला, पकड वाढते.
मी मानलं. गाडीही जरा दांडगी दिसायला लागली,
नुकते दंड भरलेल्या पोराने
बाह्या वर सारून चौकात उभं राहावं तशी.

माझी गाडी अंड्यांची.
तीसचा एक ट्रे, असे चाळीस,
दर बुधवारी सहा शाळा.
या धंद्यात रस्ता कानाने ऐकावा लागतो.
मागून टक् आलं की समजायचं, एक गेलं.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी
पिंपळखुट्याच्या उतारावर गाडी आडवी झाली.
ब्रेक लागला होता, चाकं थांबली होती,
गाडी मात्र चालतच होती,
झोपेत उठून माणूस चालतो तशी.
बोरीच्या झुडपाने धरली.
टक्. टक्. मग मोजणं सोडून दिलं.

फाट्यावर शेवंता टेकामचं दुकान.
पाण्याचं टोपलं, धापा टाकणारा कॉम्प्रेसर,
आणि पत्र्यावर चुन्याने लिहिलेलं:
हवा भरून मिळेल. सोडूनही.

माझ्याकडे पाहिलंच नाही तिनं. टायर पाहिले.
"हे कोनं बसवले?"
"पकड वाढते म्हणून."
"कोनाची? दुकानदाराची?"

जळक्या ऑइलचं फडकं चाकावरून फिरवलं,
जॅकने उचललं, खाली कागद सरकवला,
उतरवलं, पुन्हा उचललं.
कागदावर काळा ठसा, तळहाताएवढा.
मग डिकीतली जुनी, अरुंद स्टेपनी त्याच जागी बसवून
शेजारी दुसरा ठसा.
हा लांबट, तो आडवा.
"मोज," म्हणाली.
मी बोटं लावली, पुन्हा लावली.
जवळपास सारखेच.

"उंडा तेवढाच, भाऊ.
भाकर आडवी थाप का उभी थाप.
उंडा केवढा, थे वज्जन आन् हवा ठरवते."

अकरा वर्षं गाडी चालवतो मी.
बाराशे अंडी, सहा शाळा, माझं ढेरपोट,
सगळं चार तळहातांवर उभं असतं,
हे वाकून कधी पाहिलं नव्हतं.

"मंग घसरली काहून?"
"तथी खाली मुरूम हाय, वर बोटभर चिखल.
बारीक चाक चिखल चिरून मुरमाले भेटते.
हे तुह्यं रुंद,
वरच्यावर बसून रायलं, पाहुन्यावानी."

"मंग जुनेच लावू?"
"पुढं पांदन हाय ना? काई माती.
तथी खाली मुरूमच नाही, भेटाचं कोनाले?
तथी पसराव लागते.
बैलाचं खूर पाय कधी. चिखलात टेकलं का फाकते,
उचललं का मिटते. तुह्या चाकाले मिटता येत नाही,
म्हनून मी हाय."

रुंद चाक पुन्हा चढवलं,
आणि छत्तीसची हवा अठरावर आणली.
चारही चाकं सुस्कारत बसली.
तिसरा ठसा घेतला: दुप्पट, कडेला जरा फाटका.

"डांबरावर चढला का भरजो.
नाहीतं गाल तापते टायरचे, फाटते."
पायपंप दिला. अनामत म्हणून दहा अंडी ठेवून घेतली,
एकेक कानाशी हलवून.

पांदण मी कधी अशी पार केली नाही.
गाडी मातीत शिरली नाही, मातीशी भांडलीही नाही,
ओल्या चादरीवर म्हातारं कुत्रं चालावं तशी गेली.
मागून एकही टक् नाही.

पलीकडे डांबर. कॉम्प्रेसर कुठला?
पंपावर पाय.
पहिल्या चाकाला दीडशेपर्यंत मोजलं,
मग शाळेतली पोरं कुंपण ओलांडून आली
आणि माझ्याऐवजी मोजू लागली.
दोनशे अकरावर दोघांत भांडण झालं.
एकीनं एकपासून पुन्हा सुरू केलं.

हेडमास्तरांनी पावती घेतली,
तिला चिकटून आलेला कागद उलटा-सुलटा पाहिला.
"हे काय? सही कुठाय?"
"अंगठा आहे सर," मी म्हणालो. "गाडीचा."
त्यांनी चष्मा वर केला,
आणि कुणास ठाऊक का,
त्या काळ्या ठशावर
आपला तळहात ठेवून पाहिला.