पिवळी प्रत

फैजपूरहून खोकं आलं तेव्हा सावद्यात शेहेचाळीस अंश होते.
वारकेंच्या मुलानं वायरी जोडल्या, दोन तांबे पाणी प्याला,
उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाला,
काका, आजच्या आज रिकव्हरीच्या डिस्क काढून घ्या.
चार कोऱ्या लागतील. मशीन एकदाच काढू देतं.

एकदाच, हे काही मला पटलं नाही.
केळीच्या सोसायटीत एकतीस वर्षं मी वॅगनी लिहिल्या,
दर वॅगनीच्या तीन प्रती:
पांढरी रेल्वेला, गुलाबी दिल्लीच्या आडत्याला,
पिवळी आपल्याकडे.
माल काळा पडून उतरो, आडत्या कानांवर हात ठेवो,
पिवळी कपाटात असायची.

लोडशेडिंग तीनला संपलं. सव्वातीनला बसलो.
पहिली डिस्क आत गेली आणि पेटी घुमू लागली,
दोन गल्ल्यांपलीकडच्या गिरणीसारखी.
कुमुदला बजावलं, मिक्सर नको, इस्त्री नको,
फ्रीजचं दार सारखं उघडू नको.
ती म्हणाली, पल्लवीच्या वेळी माझंसुद्धा एवढं केलं नव्हतं.

दुसरी डिस्क सत्त्याऐंशी टक्क्यांवर, आणि लाइट गेली.
यूपीएस सात वेळा ओरडला, मग तोही गप्प.
डिस्क बाहेर काढली. चकचकीत.
तिच्यात माझा चेहरा नीट दिसत होता,
बाकी काही उतरलं नव्हतं.
लीलाधरच्या दुकानातून आणखी दोन आणल्या.

“पन हे सगळं कायले?”
सांगितलं: उद्या हे बंद पडलं तर या चकत्या घालायच्या,
की झालं परत आजच्यासारखं.
“म्हंजे यादी परत येईन?”

जुना कॉम्प्युटर गेल्या वैशाखात गेला.
त्याच्यात होती पल्लवीच्या लग्नातली आहेराची यादी,
सहाशे बारा नावं, कुणी एकशे एक, कुणी पाचशे एक,
कुणी स्टीलचा डबा, आत काही नाही.
तेव्हापासून पत्रिका आली की आमच्या घरात भांडण.
कमी दिलं तर बोल लागतो,
जास्त दिलं तर समोरचा हिशेबाला बसतो.

नाही, म्हणालो. ती नाही येणार.
येईल ते खोक्यातून निघालेलं मशीन,
ज्याला आपलं नावही ठाऊक नाही.
ती पदरानं मान पुसत म्हणाली,
“पिलबागेत खोड कापलं तरी पिलाले आईच्या मुळाचं पानी मिळते.
याले काय मिळते?”

उत्तर नव्हतं. डिस्क घातली.
तेरा टक्के. चौदा. बराच वेळ चौदाच.

मग कपाटाच्या तळातून काढला
निवृत्तीच्या दिवशी घरी आणलेला कार्बनचा डबा,
अजून अर्धा भरलेला,
आणि पिवळ्या कागदांचं एक बंडल, कडांना वाळवी लागलेलं.
सांग, म्हणालो.
ती डोळे मिटून मांडवात शिरली, बायकांच्या बाजूनं:
चिनावलच्या ताराबाई, दोनशे एक आणि खण.
रोझोद्याचे नेहेते, पाचशे एक, पाकीट घामानं ओलं.
खिरोद्याचे ड्रॉइंगचे गुरुजी, स्वतः काढलेला गणपती.
विवऱ्याची ती उंच बाई,
वरणबट्टीत तूप कमी म्हणाली, पण पितळी घंगाळ दिलं.
मी दाबून लिहीत होतो. बोटं निळी झाली,
किती वर्षांनी.

चौथी डिस्क साडेसातला निघाली.
चौघींवर मार्करनं तारीख घातली,
कुमुदनं त्या शालूच्या घडीत ठेवल्या, डांबरगोळ्यांशेजारी.
नावं झाली होती दोनशे अठ्ठावीस.

दोनशे एकोणतिसावा: पांढरा सदरा, कोचूरकडचा,
जेवला नाही, घाईत होता,
एकशे एक हातात ठेवून सायकलवर बसला.
तिला सायकलसुद्धा आठवत होती, हिरवी. नाव नाही.
मलाही नाही.

रक्कम लिहिली, नावाची जागा सोडली.
कार्बन उचलून खालची पिवळी पाहिली:
तिथंही एकशे एक उमटलेले,
आणि त्यांच्याआधी तेवढीच कोरी जागा.