मातीमोल

गेंट शहरात, कालव्यापासून दोन गल्ल्या आत,
एका तळघरात, अठ्ठावन्न अंशांवर,
लिसलोट बारा आठवडे वाट बघते
वस्तू मातीमोल होण्याची.
त्याचाच तिला पगार मिळतो.

पिंपांत भाज्यांची सालं, कापलेलं गवत, लाकडाचा भुसा,
आणि त्यात पुरलेले मक्याचे चमचे,
उसाच्या चिपाडाच्या वाट्या,
कॉफीच्या पेल्यांची झाकणं.
दर सोमवारी ती पिंप उलथते, चष्म्यावर वाफ धरते.
अर्धवट कुजलेल्याची घाण येते.
नीट कुजलं, की वास
पानगळीनंतरच्या रानाचा.

सातव्या पिंपात ओडिलोन फरकाउटेरेनची थाळी आहे,
तळलेल्या बटाट्यांसाठी, मेयोनेजच्या खळग्यासकट.
घर गहाण टाकून त्याने साचा बनवून घेतलाय.
दर गुरुवारी त्याचा फोन:
"गेली का?"
"अजून नाही."
"पण जाईल ना?"
दवाखान्यात लोक हेच विचारतात,
फक्त उत्तर उलटं हवं असतं.

पाचव्या आठवड्यात तळ विरघळला.
आठव्यात बाजू.
"छान चाललंय," लिसलोट म्हणाली,
आणि पलीकडे तो इतका हसला
की तिने फोन कानापासून लांब धरला.

बाराव्या आठवड्यात चाळण. जाळी दोन मिलिमीटरची.
शंभरातले दहा भाग वर राहिले तर चालतं.
चौदा राहिले.
तिने पुन्हा चाळलं. चौदाच.
चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला
काठाचा तुकडा, साच्याने दुप्पट दाबलेला,
जिथे त्याने हौसेने कंपनीचं नाव उठवलं होतं.
फरकाउटेरेन गेला होता.
उरलं होतं फक्त
"आणि मुलगी".

माणसं जन्मभर झटतात मागे नाव राहावं म्हणून.
इथे राहिलं, की नापास.

या वेळी फोन तिने केला.
बराच वेळ नुसता फ्रीजचा आवाज.
मग तो म्हणाला, "मुलगी आता विमा कंपनीत आहे.
अँटवर्पला.
अक्षरं काढून टाकतो."
"किंवा पातळ करा," लिसलोट म्हणाली.
"पातळ केली तर वाचता येतील?"
"बटाटे संपेपर्यंत येतील."
तो म्हणाला, तेवढं पुरे.
मग म्हणाला, बघतो.

अहवालात तिने चौदा लिहिलं.
तुकडा कचऱ्यात टाकायचा असतो;
तो तिच्या खणात आहे, स्टेपलरच्या पिनांशेजारी,
का, ते तिला विचारू नका.

नियम म्हणतो, उरलेल्या मातीत
अळीव आणि जव पेरून बघा.
नापास पिंपाची माती, तरी तिने पेरले.
अळिवाला अहवाल वाचता येत नाही.
तिसऱ्या दिवशी सगळे वर,
खिडकी नसलेल्या त्या खोलीत
ट्यूबलाइटकडे माना करून.