बॅच नंबर चार

बाटलीत दोन थर दिसायला हवे होते:
वर मधासारखं पिवळं, तळाला काकवी.
दिसतंय ते सगळं एकजीव,
ना तेल ना साबण,
बाटली आडवी केली तरी हलायचं नाव नाही.

किसननगरला गच्चीवर, टाकीच्या सावलीत
पाच लिटरचा हा माझा कारखाना.
नाक्यावरच्या वडेवाल्याचं जळकं तेल,
कॉस्टिकचा डबा, कुलपातलं मिथेनॉल,
आणि एक रवी, जी आता ताकाला चालणार नाही.
जोमाला शब्द दिलाय,
कोळशेतच्या खाडीत त्याची एका सिलिंडरची होडी
माझ्या तेलावर धावेल म्हणून.
दर रविवारी तो विचारतो,
"काय, लागलं का विरजण?"

चूक शोधायची तर संशयित रांगेत उभे करायचे.
बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर
हेच केलं: आधी डाय, मग पंच, मग पत्रा.
माणूस नेहमी शेवटी.

काटा? सोनाराकडून तपासून आणला,
प्रामाणिक आहे बिचारा.
कॉस्टिक? दाणे कोरडे, साबुदाण्यासारखे सुटे.
आम्लता मोजली स्पिरिटात भिजवलेल्या हळदीने,
थेंब थेंब, कुंकवासारखी लाल होईतो.
तीनदा. तीनदा तोच आकडा.
पारा पंचावन्नवर. रवी तासभर, खांदा भरून येईपर्यंत.
पाणी?
पाणी तर सगळ्यात आधी बघितलेलं,
तापल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकून.
वहीत आहे, माझ्याच अक्षरात:
आवाज नाही. तेल कोरडं.
चारही बॅचना तेच वाक्य.

मग गोकर्ण आला, पुढचा डबा खांद्यावर घेऊन.
वडेवाल्याचा पोऱ्या, मूळचा मंगरूळपीरचा,
पहाटेपासून कढईसमोर उभा असतो.
मी थेंब टाकला. म्हटलं, बघ, गप्प आहे.
तो माझ्याकडेच बघत राहिला.
"काका, तडतडतंय की.
केवढ्यानं बोलतंय तेल!"

वाकलो. कान तव्याशी नेला, चटका बसेल इतका.
उजवा. मग डावा.
तवा निवांत.

प्रेसवर कापसाचे बोळे मिळायचे, कानात घालायला.
आम्ही त्यांनी बोटांचं ग्रीस पुसायचो.
हल्ली मला वाटायचं, लोकच पुटपुटायला लागलेत.
सून पुटपुटते, बँकेतली मुलगी पुटपुटते,
कुकर शिट्टी द्यायचा विसरतो.
टीव्हीवरून घरात जी भांडणं झाली
त्यांत मी जिंकलो होतो.

गोकर्ण काही बोलला नाही,
किंवा बोलला असेल.
कोपऱ्यातला काचेचा ग्लास उचलून
त्याने तव्यावर उपडा धरला.
आतून धुकं चढलं.
मग मला ऐकू जावं म्हणून ओरडला,
खालच्या बिऱ्हाडांनाही कळलं असणार:
"हे तर दिसतं ना?"

दिसलं.

बॅच चारने गच्चीची फरशी घासली. बरी निघाली.
बॅच पाचचं तेल एकशेदहावर धरून ठेवलं,
ग्लास आतून लख्ख राहीपर्यंत,
आणि तरी गोकर्णला थांबवून घेतलं वडे सुटायच्या वेळेला,
मालकाच्या शिव्या खायला लावल्या.
वहीत लिहिलं: पाणी नाही. ग्लासने बघितलं.
आवाज नाही. गोकर्णने ऐकला नाही.

रात्रीचे अकरा. खिशात फोन थरथरतोय, म्हणजे जोमाच.
काय विचारणार ते ठाऊक आहे,
"उद्या सांगतो" म्हटलं आणि ठेवला.
टॉर्च मारून बघतो:
तळाला काळपट काहीतरी
बसायला लागल्यासारखं वाटतंय.
की बाटलीचीच सावली.