झाकणावर दोन विटा

बाबांनी तिला आणलं रंगाच्या रिकाम्या डब्यातून,
मिलरच्या गोठ्यामागच्या ओढ्यातली,
पेन्सिलीएवढी.
"वाम आहे," म्हणाले, "बघू किती दिवस काढते."
आई तेव्हा घरात होती.

शेजारची रोइमाता तिला तुना म्हणायची.
डब्यातला मासा नव्हे, हसू नका,
तिच्या लोकांत वामीला तुनाच म्हणतात
आणि नाव घेताना आवाज जरा खाली आणतात.

टाकी म्हणजे बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानाची काच.
सोनेरी अक्षरांत अजून वाचता यायचं:
कोकराचं ता—
पुढे काच संपलेली.
धुण्याच्या खोलीत, मशीनला खेटून,
तळाला ओढ्याचीच वाळू, वाळूत मोरीचा पाइप,
पाइपात ती.
दिवसभर नुसतं नाक.

वामीला फट सापडली नाही असं होत नाही.
फिल्टरच्या नळीभोवती बोटभर जागा,
तेवढ्यातून तीनदा निघाली.
तिसऱ्यांदा सापडली मशीनच्या मागे,
अंगभर मोज्यांचा, टॉवेलांचा भुगा,
लोकरीचा कोट घातलेल्या म्हातारीसारखी,
जिवंत, आणि भयंकर चिडलेली.
बाबांनी झाकणावर विटा ठेवल्या. दोन.

आई गेली तेव्हाही घरात
वजन ठेवण्यासारखं तेवढंच होतं.

संध्याकाळी कारखान्यातून मेंढीचं काळीज यायचं,
बाबा त्याच्या पट्ट्या कापायचे,
उजव्या हाताच्या साडेतीन बोटांनी.
(उरलेलं दीड कारखान्यानं घेतलं,
लोकांना मात्र सांगायचे, वामीनं.)
ती पाइपातून यायची, घाई नाही,
पट्टी धरायची, स्वतःभोवती गिरकी घ्यायची,
पाणी ढवळून निघायचं.
माझ्याशी ते दिवसाला चार वाक्यं बोलत.
तिच्याशी किती, मी मोजलं नाही,
दार लावलेलं असायचं.

एकतीस वर्षं.
माझ्या मांडीएवढी झाली.
मी दोन शहरं बदलली, एक नवरा.
फोनवर बाबा आधी तिचं सांगायचे.

मग त्या एप्रिलमध्ये तिनं खाणं सोडलं.
"काळीज शिळं असणार," बाबा म्हणाले.
ताजं आणलं. बदकाचं आणलं. गांडुळं खणली,
ऐंशीला टेकलेला माणूस, गुडघ्यांवर, पावसात.
मी आले तेव्हा ती पाइपाबाहेर होती, भर दिवसा.
डोळे दुप्पट झालेले, कडेला निळी रेघ,
डोकं चपटं, कोणी तळव्यानं दाबल्यासारखं,
आणि काचेच्या एकाच कोपऱ्यावर
ती तोंड घासत होती, घासत होती.
तो कोपरा ओढ्याकडचा, हे मला नंतर कळलं.

रोइमातानं काठी टेकवत येऊन पाहिलं.
"आजारी नाही, क्लॅरी. निघालीय."
तोंगाच्या बाजूला, खोल खोल समुद्रात,
अंडी घालताना कोणी पाहिलेलं नाही.
पोट घेऊन जायचं जिथे जन्मलो तिथे:
पहिलं बाळंतपण माहेरी.
फक्त परत आणायला
कोणी जात नाही.

बाबा म्हणाले, "इतकी वर्षं कुठे सुचलं नाही तिला?"
रोइमाता म्हणाली, "झाकण होतं ना."
मग बराच वेळ मशीनचाच आवाज.

अमावस्येच्या अलीकडली रात्र, ओढा फुगलेला.
धुण्याच्या टोपलीत ओलं गोणपाट, गोणपाटात ती.
मिलरचं कुंपण मी उचलून धरलं,
बाबा खालून सरकले.
काठाशी टोपली कलती केली. जोरात नाही.
निरोप वगैरे काही नाही.
गवत हललं,
मग फक्त पाणी होतं, त्याचा त्याचा आवाज.
बाबा टॉर्च चुकीच्या दिशेला धरून उभे होते,
वरच्या अंगाला.

टाकी तशीच आहे. बाबा म्हणतात, पुढच्या आठवड्यात विकू.
एक वीट आता दाराला लावतात,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
दुसरी कुठे गेली, विचारलं,
म्हणाले, असेल कुठेतरी.