छाट

कारखान्यात हजार विड्या नेऊन दिल्या
की तपासनीस कट्टा बोटांत फिरवतो.
ही सैल, ही वाकडी,
हिचं तोंड नीट मिटलं नाही.
मूठभर बाजूला फेकतो.
त्याला आम्ही छाट म्हणतो.
छाटीचे पैसे नाहीत,
पानं मात्र आपल्याच खात्यावर.

सिव्हिलच्या चौदा नंबरच्या खोलीत
नागमणीचा डावा पाय टेपनं मोजला,
तेव्हा मला तेच सूप आठवलं.
साहेबांनी लिहिलं, पंचावन्न टक्के.
शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.
येताना रिक्षात ती म्हणाली,
अम्मा, गणितात पंचावन्न पडले असते
तर तू मारलं असतंस की.

मी हसले.
मग अशोक चौकापर्यंत
दुसऱ्याच बाजूला बघत बसले.

लपवत नाही, मीही सगळं केलं.
गरम वाळूत कंबरेपर्यंत पुरलं तिला,
चुलत नणंदेनं दिलेलं काळं तेल चोळलं,
उंबऱ्यावर लिंबू कापलं.
ती दोन वर्षांची असताना एका दुपारी
झोपेत तिचा पाय धरून हळूच ओढून बघितला,
दुसऱ्याइतका होतो का.
ती जागी झाली आणि खेळ समजून
दुसराही पाय पुढे केला.
हे अंबादासला अजून सांगितलेलं नाही.

कॅलिपरचा पट्टा वैशाखातच तुटतो.
पत्रा तापतो, घाम मुरतो,
चामडं खारट होऊन चिरतं.
नवा पुण्याहून येणार, तीन आठवडे.
अंबादास रात्रपाळीहून आला
आणि डब्याच्या पिशवीतून काढला
मागाच्या पिकरचा जुना पट्टा,
तेलानं काळा, मार खाऊन खाऊन मऊ.
साबणाच्या पाण्यात घासला,
आरीनं चार भोकं पाडली,
गुडघ्यावर बांधून म्हणाला,
ह्यानं मिनिटाला शंभरदा धोटा फेकलाय,
तुझं काय ओझं त्याला.

आता ती शाळेत सांगते,
माझ्या पायाला चादरी विणणारा पट्टा आहे.
बघायची एक चिंच,
हात लावायच्या दोन.

पाणी पाचव्या दिवशी येतं.
विडी घरकुलात त्या पहाटे
कुणी कुणाचं नसतं, नुसत्या घागरी.
ती म्हणाली, मी पण भरणार.
म्हटलं, बस गं. म्हणाली, नाही.
अर्धी कळशी दिली, वाद नको म्हणून.

नळापासून दारापर्यंत अकरा पावलं,
मग तीन पायऱ्या.
दुसऱ्या पायरीवर लोखंड घसरलं.
कळशी वाजत खाली गेली,
ती कोपरावर पडली.

माझे हात पुढे गेले होते.
ती म्हणाली, उचलू नको.
ओरडली नाही,
मोठ्या माणसासारखं म्हणाली.

दिवसाला हजार वळणारे हात हे,
झोपेतही बोटं दोरा गुंडाळतात.
त्यांना नुसतं लोंबकळत राहायला
कुणी शिकवलंच नव्हतं.
पदरात गुंडाळून घट्ट धरले.
समोरची सुनंदा म्हणाली, काय आई आहे का कोण.
मी तिच्याकडे बघितलं नाही.
तेवढ्यात बघायचं राहून जाईल असं वाटलं
ती कशी उठते ते.

आधी कोपर. मग चांगला गुडघा.
मग भिंत धरून कॅलिपर सरळ केला,
खटका लावला.
मग खाली जाऊन कळशी.
परत रांगेत, परत अर्धी.
ह्या खेपेला तिसरी पायरीही आली.
पिंपात पडलं ते तांब्याभर असेल,
बाकी सगळं दारापर्यंत
एक ओलं पाऊल आणि एक ओली रेघ.

नळ गेला. ती म्हणाली, अजून एक खेप?
म्हटलं, आता पाच दिवसांनी.
म्हणाली, मग दार लोटू नको,
तोपर्यंत पायऱ्या करते.

मी फडक्यातून भिजली पानं काढली,
साचा ठेवला, कातर घेतली.
बाहेर लोखंड, फरशी.
मग काहीच नाही.
मग लोखंड.
त्या दुपारी कितीतरी पानं
वाकडी कापली गेली माझ्याकडून.